आक्कांचा नंबर

पानमळा गावात लग्नाची बैठक असो की दोन भावांतली वाटणी, माणसं गोळा करायची झाली की लोक आधी महालिंग हुक्केरीच्या दुकानात यायचे. मुहूर्त भटजी काढायचा. पण त्या दिवशी कुणाच्या उसाला तोड आली आहे, कुणाचा व्याही मुक्कामाला यायचा आहे, कोण कुणाशेजारी बसणार नाही, हे सगळं मनात धरून "बेस्तरवारी सकाळी बसा" असं सांगावं ते महालिंगनंच. खत-बियाण्याचं त्याचं दुकान कसबा बावड्याकडून येणाऱ्या रस्त्यावर, गावाच्या तोंडालाच होतं. कुठल्या पक्षाचा बिल्ला त्यानं कधी लावला नाही. सगळ्या गटांची माणसं त्याच्या बाकड्यावर बसून चहा प्यायची आणि त्याला आण्णा म्हणायची.

गाव तसं कोल्हापूरला लागूनच. उसाची रानं, घरटी दोन म्हशी, शिरोलीच्या फौंड्रीत कामाला जाणारी तरणी माणसं. एरवी सगळं गुण्यागोविंदानं चालायचं, पण ग्रामपंचायत लागली की गावाच्या अंगात यायचं. ब्याण्णवला मतदानाच्या दिवशी शाळेपुढं काठ्या निघाल्या. त्यात लाल बावट्याच्या केरबा चौगुलेच्या डोक्यात घाव बसला. काठी कुणाची, ते शेवटपर्यंत कळलं नाही. सगळ्याच बाजूंनी चालली होती. केरबा वाचला, पण त्याची वाचा गेली. दोन पावसाळे अंथरुणावर काढून तो गेला. त्याची बायको चिमणाबाई, जिला सारं गाव आक्का म्हणायचं, तेवढा काळ त्याला चमच्यानं पेज भरवत होती.

सत्त्याण्णवला पुन्हा निवडणूक लागली आणि पुन्हा काठ्यांना तेल लागायला लागलं. मारुतीच्या देवळात एकदा सगळ्या गटांचे कर्ते बसले होते. बोलणं वाढत वाढत एकमेकांच्या आयाबहिणींपर्यंत गेलं. तेवढ्यात आक्का पायरी चढून वर आली. देवळाच्या बैठकीत बाईमाणूस कधी येत नसे, म्हणून सगळे आपसूक गप झाले.

"माझं गेलं ते गेलं," आक्का म्हणाली. "आता या बारीला कुणाचं न्यायचं ठरवलंय, तेवढं नाव सांगा. म्हंजे त्या बाईला मी आधीच जाऊन सांगून येतो. पेज पातळ करायला शिक म्हणतो."

पुढच्या आठवड्यात गावात सर्वपक्षीय समिती झाली ती या एका बोलण्यानं. गावात गट चार: साखर कारखान्यात सत्तेवर असलेल्यांचा, त्यांच्या विरोधकांचा, भगव्या झेंड्याच्या पोरांचा आणि लाल बावट्याचा. जागा चौघांत वाटून निवडणूक बिनविरोध करायची, आणि सरपंचपद सव्वा-सव्वा वर्ष प्रत्येकानं घ्यायचं, असं ठरलं. लाल बावट्यानं आपल्याकडून आक्काचं नाव दिलं. पहिला नंबर कुणाचा यावर परत आवाज चढले. सगळ्यांनाच पहिला पाहिजे होता, कारण सव्वा वर्षानं कोण खुर्ची सोडतो याची कुणालाच खात्री नव्हती.

"मला शेवटचा द्या," आक्का म्हणाली. "कुणीतरी इश्वास ठेवायला पायजेच की."

बिरोबाचा भंडारा उचलून सगळ्यांनी शब्द दिला. समितीचा निमंत्रक म्हणून महालिंगचं नाव एकमुखानं आलं. समितीचा नियम एकच: चारी गट हजर असतील तरच सभा. तारीख महालिंगनं धरायची. एकाचा नंबर संपत आला की महालिंगनं सभा लावायची, सरपंचानं सगळ्यांपुढं सांगायचं आणि दुसऱ्या दिवशी राजीनामा द्यायचा. महालिंगच्या हातात दुसरा कसलाच अधिकार नव्हता. पण तेवढा पुरेसा होता, कारण सभा लागली की चारचौघांपुढं शब्द फिरवायची कुणाची छाती होत नसे.

पहिला नंबर बाळासो मगदूमचा, कारखान्याच्या विरोधी गटातला. बाळासोचा आवाज असा की तो शेतात बोलला तर बावड्यात ऐकू यावं. कुरकुरला, आदळआपट केली, पण महालिंगनं धरलेल्या तारखेला सभेत आला आणि "घ्या तुमची खुर्ची" म्हणून मोकळा झाला. भगव्या झेंड्याच्या पोरानंही गडबड केली नाही. तिसरा नंबर सत्तेच्या गटातल्या सयाजी इंगवलेचा. सयाजी गोड बोलणारा, इस्त्रीच्या कपड्यातला, कोल्हापुरात उठबस असलेला माणूस. त्यानं खटपट करून गावाला पाण्याची उंच टाकी मंजूर करून आणली. गाव खूश झालं. महालिंगही खूश झाला.

दोन हजार एकचा उन्हाळा सरत आला. सयाजीचा नंबर संपायला आला होता. तशी आक्का दुपारची महालिंगच्या दुकानात येऊ लागली.

"महालिंगा, सरपंच झालो म्हंजे खुर्चीत बसून नुसतं बघत ऱ्हायाचं काय?"

"न्हाय आक्का. दर म्हैन्याला सभा घ्यायची. आधी नोटीस काढायची. मग कोरम बघायचा."

"त्यो कोण?"

महालिंग खो खो हसला. "माणूस न्हवं त्यो. सभेला पुरतील एवढे मेंबर आल्यात का बघायचं. न्हाईत, तर सभा तहकूब. म्हंजे आज न्हाय, पुन्यांदा."

"आन आलं तर?"

"तर विषय घ्यायचा. एकजण ठराव मांडतोय त्यो सूचक. दुसरा व्हय म्हणतोय त्यो अनुमोदक. मग तुमी इचारायचं, कुणाचा इरोध हाय का. नसला तर म्हणायचं, मंजूर."

आक्का चौथी शिकलेली होती आणि एकदा ऐकलेलं विसरत नसे. दुसऱ्या दिवशी येऊन तिनं सांगितलं, "काल घरात सभा घेतली की. सून म्हणाली पिठलं करूया. ती सूचक. नात म्हणाली व्हय. ती अनुमोदक. पोरगा म्हणाला, मला अंडी पायजेत. त्याच्या ठरावाला कोणच मिळालं न्हाय." आणि तोंडाला पदर लावून ती इतकी हसली की खत न्यायला आलेली गिऱ्हाइकंही हसायला लागली.

महिनाभर हे चाललं होतं. महालिंगला त्या दुपारांची सवय झाली. त्याची आई लहानपणीच गेली होती. आक्का आली की तो दुकानातलं काम बाजूला ठेवून बाकडं पुसायचा. एकदा त्यानं सहज विचारलं, "आक्का, सरपंच होऊन करायचं काय ठरवलंय?"

आक्कानं बोटांवर मोजायला सुरुवात केली. "गटार हाय, दिवे हायत. समदेच करत्यात, मीबी करीन. पर खरं सांगू काय? मालकास्नी त्या शाळेपुढनं उचलून आणलं तवा मी मागनं पळत हुतो, आन माझ्याकडं कोणच बघत न्हवतं. त्याच शाळेपुढं पंधरा ऑगस्टला झेंड्याची दोरी माझ्या हातात असंल. समदी सरळ हुबी ऱ्हातील. तेवढं मला बघायचं हाय."

"पंधरा ऑगस्ट तुमचाच हाय आक्का," महालिंग म्हणाला. "मी हिशेबच तसा घातलाय."

आषाढात तारीख धरायची वेळ आली, तेव्हा सयाजी दुकानात आला. बाकड्यावर न बसता आत पोत्यावर येऊन बसला, घरच्यासारखा.

"आण्णा, टाकी निम्मी हुबी ऱ्हायलीय. आत्ता मी सोडलं तर सगळं नव्या माणसाच्या सहीवर जाणार. आक्का बिचारी साधी बाई. सायबांच्या दारात बसून काम करून घ्यायचं तिला जमंल का? मला गणपतीपर्यंत मुदत द्या. टाकी झाली की मंत्र्यांच्या हातनं उद्घाटन, आन दुसऱ्या दिवशी राजीनामा. गावाचंच भलं हाय."

महालिंगला ते पटलं. निदान त्या वेळी पटलं असंच त्याला वाटलं.

"आक्कास्नी सांगायला पायजे," तो म्हणाला.

"तुमी सांगा. तुमचं ती मोडणार न्हाय." सयाजी उठला आणि दारातून वळून म्हणाला, "आन हे बघा, कोनशिलेवर तुमचं नाव घालायचं म्हणतोय. सर्वपक्षीय समितीचे निमंत्रक. तुमच्याशिवाय गाव एक झालं असतं काय?"

"माझं कशाला," असं महालिंग म्हणाला. पण "घालू नका" असं काही तो म्हणाला नाही. जेवताना त्यानं ते बायकोला, शिवलीलाला सांगितलं. सांगताना आपला आवाज जरा वेगळा झाल्याचं त्याचं त्यालाच कळलं. शिवलीलानं भाकरी वाढली आणि विचारलं, "आन आक्कास्नी काय सांगणार?"

आक्काला त्यानं टाकीचं सांगितलं. आक्कानं ऐकून घेतलं. "गणपतीपर्यंत काय? ऱ्हाऊ दे की. पाणी आलं तर बायकांच्याच डोक्यावरचं वझं उतरंल."

पंधरा ऑगस्टला शाळेपुढं झेंडा सयाजीनं लावला. आक्का बायकांच्या रांगेत धुवट पातळ नेसून उभी होती. राष्ट्रगीत झाल्यावर महालिंग तिच्याकडं जाणार होता, पण सयाजीनं त्याला खुर्चीवर बसायला बोलावलं आणि तो तिकडं गेला. परत बघितलं तेव्हा आक्का घराकडं निघाली होती.

गणपती गेले. मंत्र्यांची तारीख मिळाली नाही. दसऱ्यानंतर बघू म्हणाले. दसऱ्यानंतर सयाजीच्या पुतणीचं लग्न निघालं. मग दिवाळी आली, मग कारखाना सुरू झाला आणि सयाजी त्या गडबडीत अडकला. दर खेपेला तो स्वतः येऊन सांगायचा, हात जोडून सांगायचा, आणि दर खेपेला महालिंग सभा पुढं ढकलायचा. आता तारीख धरणं म्हणजे तारीख न धरणं झालं होतं, आणि तेही त्याला चांगलं जमत होतं.

एक दिवस बाळासो तावातावानं आला. "आण्णा, हे काय चाललंय? आमी तीन गट तयार हाय. लाव सभा. सयाजी येऊ दे न्हायतर न येऊ दे. चौकात नाव घेऊन इचारतो त्येला."

"चारी गट असल्याशिवाय सभा न्हाय बाळासो. नियम हाय."

"नियम भांडणं मिटवायला केलता, का सयाजीला झाकायला?"

"मोडला तर समिती मोडंल," महालिंग म्हणाला. "एवढी वर्षं धरून ठेवलीय मी."

बाळासो गेल्यावर शिवलीला आतून आली. तिनं सगळं ऐकलं होतं. "तुमी काय धरून ठेवलंय, ते जरा बघा," एवढंच ती म्हणाली. महालिंगला राग आला. तो दिवसभर तिच्याशी बोलला नाही.

आक्का मात्र भांडली नाही. दुकानात येणं तिनं हळूहळू कमी केलं. वाटेत भेटली की विचारायची, "काय रं, लागली का तारीख?" आणि महालिंग म्हणायचा, "लागती की आक्का आता." मग मग तर तिनं विचारायचंही सोडलं, आणि महालिंगला त्याचं बरंच वाटलं.

जानेवारीत एकदाची मंत्र्यांची तारीख मिळाली. मांडव पडला, टाकीला रंग दिला, कोनशिला बसली. तिच्यावर सगळ्यात खाली महालिंगचं नाव कोरलेलं होतं. आणि उद्घाटनाच्या आधीच जिल्हा परिषदेची निवडणूक जाहीर होऊन आचारसंहिता लागली. मांडव उतरला. ग्रामसेवकानं खळ लावून कोनशिलेवर कागद चिकटवला. महालिंग त्या दिवशी दुकान बंद करून एस.टी.नं कोल्हापूरला गेला. आत्ता राजीनामा दिला तर नवा सरपंच कधी होईल, एवढंच त्याला तहसील कचेरीत विचारायचं होतं. तिथं सगळे निवडणुकीच्या कामात बुडाले होते. एका कारकुनानं मान वर करून शांतपणे सांगितलं, "नव्या सरपंचाच्या निवडीला आम्हाला सभा लावायला लागते, अधिकारी पाठवायला लागतो. आता ही निवडणूक उरकल्यावरच. पाव्हणं, तुम्ही आधी का नाही आलात? श्रावणात आला असता तर कधीच झालं असतं."

तो काही वाकडं बोलला नव्हता. पण महालिंगला ते लागलं. श्रावणात आपण काय करत होतो ते त्याला आठवलं. परत येताना बसच्या खिडकीतून ती टाकी लांबूनच दिसायला लागली आणि गाव येईपर्यंत दिसत राहिली.

निवडणूक झाली, सयाजीचा गट जिंकला, टाकीचं उद्घाटनही होऊन गेलं. मग मात्र सयाजी स्वतःहून म्हणाला, "लावा सभा आण्णा." होळीच्या आसपास मारुतीच्या देवळात समिती बसली. चारी गट झाडून हजर होते. आक्काही आली. खांबाला टेकून बसली.

सयाजी उठला. "मी शब्दाचा पक्का माणूस हाय. अडचणी आल्या, उशीर झाला. आज आक्कांच्या पायाला हात लावून राजीनामा द्यायला तयार हाय."

"आता?" बाळासो ओरडला. "मुदत संपायला ऱ्हायलंय काय? राजीनामा, मंजुरी, सभा ह्यात पावसाळा उजाडंल. मग नवी निवडणूक. म्हातारीला काय नुसती खुर्ची पुसायला बसवतोस?"

गलका सुरू झाला. आक्का उठली आणि हळूहळू सगळे थांबले.

"महालिंगा, कोरम हाय काय?"

महालिंगनं चारी गटांवरनं नजर फिरवली. "हाय आक्का."

"मग बोलतो. मला सयाजीला काय इचारायचं न्हाय. त्यानं खुर्ची धरली, माणूस खुर्ची धरतोयच. तुला इचारतो. तीन गट कवाचं तयार हुतं. तुला तारीख धरता येत हुती का न्हवती?"

महालिंगकडं उत्तरं होती. समितीचा नियम होता, टाकी होती, मंत्री होते, आचारसंहिता होती. इतके महिने तीच उत्तरं तो स्वतःला देत आला होता. आक्का त्याच्याकडं सरळ बघत होती, तिच्या डोळ्यांत राग नव्हता. त्याला खोटं बोलता आलं नाही.

"येत हुती," तो म्हणाला.

"मग का न्हाय धरलीस?"

आक्कानं थोडा वेळ वाट बघितली.

"बरं," ती म्हणाली. "मी ठराव मांडतो. चिमणाबाई केरबा चौगुले हिचा नंबर रद्द करावा. सूचक मीच. अनुमोदक कोण हाय?"

कुणी हात वर केला नाही. बाळासोनं मान खाली घातली. सयाजी घड्याळाकडं बघू लागला.

"कोणच न्हाय? मग ऱ्हाऊ दे तसाच." तिनं पदर सावरला, पायरी उतरून चपला घातल्या आणि ती गेली. तिच्यामागं लाल बावट्याची माणसं उठली. राजीनाम्याचं मग कुणी काढलंच नाही. मुदत संपेपर्यंत सयाजीच सरपंच राहिला.

त्याच साली पावसाळ्यानंतर नवी निवडणूक आली. महालिंगनं समिती पुन्हा बसवायची खूप खटपट केली. पण पाच वर्षांपूर्वी आक्कानं सोडवलेला प्रश्न आता पुन्हा सगळ्यांच्या तोंडी होता: शेवटचा नंबर घ्यायचा कुणी? लाल बावट्याची माणसं तर बसायलाच तयार नव्हती. शेवटी महालिंग आक्काच्या घरी गेला. देवळातल्या त्या सभेनंतर तो प्रथमच तिच्या दारात उभा होता. आक्का सोप्यात तांदूळ निवडत होती. तिनं वर बघितलं.

"या की पावणं," ती म्हणाली. "बसा. वर्षाराणी, पाणी आण गं पावण्यास्नी."

महालिंग लहानपणापासून त्या घरात आत-बाहेर करत आला होता. आक्कानं त्याला अरे-तुरेशिवाय कधी हाक मारली नव्हती. तो घोंगड्यावर बसला. सुनेनं तांब्या-भांडं आणून ठेवलं. त्यानं समितीचं बोलायला सुरुवात केली. गावाचं भलं, मागचं विसरायला पाहिजे, पुन्हा काठ्या निघू नयेत. बोलता बोलता त्याचा आवाज बारीक होत गेला.

"तुमचं बरोबर हाय पावणं," आक्का म्हणाली. "पर मी आमच्या माणसास्नी कुठल्या तोंडानं सांगू? मागच्या बारीला मीच सांगिटलं हुतं, इश्वास ठेवा म्हणून."

तिनं चहा केला. साखर नीट घातली, वरून दूध घातलं, पुन्हा या म्हणाली. एखाद्या परगावच्या माणसाचं करावं तसं सगळं रीतसर केलं. ती शिव्या देती तर बरं झालं असतं, असं महालिंगला घरी जाताना वाटत होतं.

निवडणूक झाली. शाळेपुढं पुन्हा मारामारी झाली. कुणी मेलं नाही, पण बाळासोच्या पुतण्याचा एक डोळा गेला. त्याला जीपमध्ये घालून कोल्हापूरला नेताना बाळासो दुकानापुढून गेला. एरवी हाक मारल्याशिवाय न जाणाऱ्या त्या माणसानं महालिंगकडं वळूनही बघितलं नाही. त्यानंतर लोक तारखा विचारायला यायचे कमी झाले. जे यायचे त्यांना महालिंग सांगायचा, "तुमचं तुमी ठरवा."

आक्का त्यानंतर बरीच वर्षं होती. वाटेत भेटली की "बरं हाय न्हवं पावणं?" म्हणायची. महालिंगनं मनातल्या मनात तिच्याशी कितीतरी वेळा बोलून बघितलं होतं. कधी जत्रेत, कधी डेअरीच्या दारात ती एकटी सापडायचीही. पण माफी कशाची मागायची, टाकीची, का कोनशिलेची, का त्या पंधरा ऑगस्टची, हे त्याला ठरवता यायचं नाही आणि तेवढ्यात ती पुढं गेलेली असायची. दोन हजार आठच्या थंडीत एका सकाळी म्हशीची धार काढता काढता ती गोठ्यातच कलंडली आणि गेली.

गावानं सर्वपक्षीय शोकसभा घ्यायचं ठरवलं. बाळासो इतक्या वर्षांनी दुकानात आला. आवाज आता खाली बसला होता. "आण्णा, तारीख तूच धर. दुसऱ्या कुणाला जमायचं न्हाय." महालिंगनं तारीख धरली. कुणी अडचण सांगितली नाही, कुणी मागंपुढं करायला सांगितलं नाही. चारी गटांची माणसं मारुतीच्या देवळात वेळेआधी आली, बाहेरगावचे पाव्हणेही आले. पुढं आक्काचा हार घातलेला फोटो होता. घरच्या बायका एका बाजूला जाजमावर बसल्या होत्या.

शेवटी सयाजी बोलायला उठला. तो आता तालुक्यातला मोठा माणूस झाला होता. "आक्का म्हणजे त्यागाची मूर्ती," तो म्हणाला. "सरपंचपद त्यांच्या दारात चालून आलं होतं. पण पदाचा मोह त्यांना कधी शिवला नाही. मी राजीनामा हातात घेऊन उभा होतो, त्यांनी हसत हसत नको म्हटलं." बाहेरगावच्या पाव्हण्यांनी माना डोलावल्या.

त्यानंतर महालिंगनं फक्त उठून श्रद्धांजलीसाठी सगळ्यांना उभं राहायला सांगायचं होतं. तो उठला, पण त्याच्या तोंडून वेगळंच आलं.

"आक्कास्नी मोह न्हवता, हे खरं न्हाय," तो म्हणाला. "आक्कास्नी सरपंच व्हायचं हुतं. लई व्हायचं हुतं. माझ्या दुकानात बसून त्या सभेचं काम शिकल्या. त्या हसत नको म्हणाल्या न्हाईत. आमी त्यांचा नंबर खाल्ला. सयाजीरावांनी खाल्ला तो खाल्ला, पर तारीख माझ्या हातात हुती. मी धरली न्हाय."

सयाजीचा चेहरा लाल झाला. "बस आण्णा, बस आता," बाळासो खालच्या आवाजात म्हणाला. महालिंगनं डोळे पुसले आणि तो म्हणाला, "दोन मिन्टं उभं ऱ्हावूया." सगळे उभे राहिले.

माणसं पांगली. सयाजी कुणाशी न बोलता गाडीत बसून गेला. महालिंगला छाती जरा हलकी झाल्यासारखी वाटत होती. एवढ्या वर्षांनी का होईना, चारी गटांपुढं खरं बोललो, असं त्याच्या मनात येत होतं. तो चपला शोधत होता तेव्हा आक्काची सून वर्षाराणी त्याच्याजवळ आली.

"आण्णा, असं बोलायला नगं हुतं तुमी."

"खोटं काय बोललो काय पोरी?"

"खोटं न्हाय." तिचा आवाज चढलेला नव्हता. "पर आत्तीनं ह्यातलं घरात सुदिक कधी काढलं न्हाय. शेजारणी उकरून काढायच्या, तर आत्ती म्हणायच्या, मला कुठं हवं हुतं? एवढी वर्षं तसंच ऱ्हायल्या. मान खाली जाऊ दिली न्हाय. आन तुमी आज समद्या पावण्यारावळ्यांत सांगिटलं, की त्यास्नी पायजे हुतं आन कुणी दिलं न्हाय."

महालिंगनं सापडलेली चप्पल पुन्हा खाली ठेवली.

"सयाजीआबा खोटं बोलले," वर्षाराणी म्हणाली, "पर आत्तीस्नी तसलंच आवडलं असतं. खरं बोलायचं तर तवा बोलायचं हुतं. त्या जित्या हुत्या तवा."

ती मागं वळली. जाजम गोळा करायचं राहिलं होतं. तिनं एक टोक उचललं, पण जाजम मोठं होतं, तिला एकटीला आवरेना. महालिंगनं पुढं होऊन दुसरं टोक धरलं. दोघांनी ते झटकलं, मधोमध दुमडलं, पुन्हा दुमडलं. त्याच्या हातातलं टोक आपल्या हातात घेताना तिनं त्याच्याकडं बघितलं नाही. घडी काखेत मारून ती फोटो उचलायला आत गेली.